संकरित ऑर्किडचे माहेर

लग्नाच्या मांडवात, हॉटेलच्या स्वागतकक्षात आणि अलीकडे गणपतीच्या मखरातही जांभळ्या-पांढऱ्या फुलांची लांब दांडी हमखास दिसते. फूलबाजारात तिला नुसते ‘ऑर्किड’ म्हणतात. तिचे खरे नाव डेंड्रोबियम सोनिया. हे फूल जगातल्या कोणत्याच जंगलात आपसूक उगवत नाही. सीझर आणि टोमी ड्रेक या दोन संकरांचे ते अपत्य, आणि थायलंडच्या रोपवाटिकांनी ते जगभर पोचवले. सीझर हाही संकरच. त्याचा एक पालक उत्तर ऑस्ट्रेलियाकडचा, दुसरा इंडोनेशियाच्या बेटांवरचा. म्हणजे आपल्या मांडवात लटकणाऱ्या दांडीची वंशावळ चार-पाच पिढ्या मागे नेली की शेवटी रानातल्या झाडाच्या खोडापाशीच येऊन थांबते.

सिंधुदुर्गात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात रोपवाटिकेतून आणलेले संकरित ऑर्किड आता घरोघरी पडवीत टांगलेले दिसते. त्याच घराच्या परसातल्या जुन्या रायवळ आंब्यावर मात्र रानटी ऑर्किड वर्षानुवर्षे फुलत असते आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. एकाला शोभेची वस्तू मानायचे आणि दुसऱ्याला बांडगूळ म्हणून खरवडून टाकायचे, ही आपली आजची रीत. संकराचा इतिहास नीट पाहिला तर ती किती महाग पडते ते कळते. संकराची सगळी श्रीमंती रानातल्या पालकांकडून आलेली आहे, आणि ते पालक गेले तर पुढचा संकर होणार नाही.

संकराची सुरुवात

माणसाने मुद्दाम केलेला आणि फुललेला पहिला ऑर्किड संकर १८५६ सालचा. इंग्लंडमधील एक्झेटर येथे व्हीच यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेत जॉन डोमिनी नावाचा माळी होता. जॉन हॅरिस या शल्यवैद्याने त्याला ऑर्किडच्या फुलाची रचना समजावून परागीकरण कसे करायचे ते सांगितले. डोमिनीने कॅलँथे प्रजातीतल्या दोन जातींचा संकर केला. फूल आले तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी, आता वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लागायची पाळी येणार, असे उद्गार काढल्याचे सांगतात. त्यांची काळजी अनाठायी नव्हती. जातींमधल्या ज्या सीमा ते आयुष्यभर आखत आले, त्या एका माळ्याने ब्रशच्या टोकाने पुसल्या होत्या.

आपल्याला जवळची वाटावी अशी बाब म्हणजे त्या दोन्ही जाती, आजच्या नावांनी कॅलँथे सिल्व्हॅटिका आणि कॅलँथे ट्रिप्लिकाटा, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही रानात आढळतात.

डोमिनीने पुढे १८६३ मध्ये कॅटलिया आणि लेलिया या दोन वेगळ्या प्रजातींचा संकर फुलवून दाखवला. बहुतेक वनस्पतींत असा संकर जमणे दुर्मीळ. ऑर्किडमध्ये तो सहज होतो, आणि त्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. दोन जातींना वेगळे ठेवण्याचे काम ऑर्किडमध्ये मुख्यतः कीटक करतात. एका जातीवर एक विशिष्ट माशी किंवा पतंग येतो, दुसऱ्या जातीवर दुसरा. शिवाय फुलण्याचे हंगाम वेगळे, गंध वेगळे. या कुंपणांमुळे रानात संकर क्वचितच होतो. आतली, म्हणजे पेशींच्या पातळीवरची, कुंपणे मात्र फारशी पक्की नसतात. माणसाने कीटकाची जागा घेतली की वाट मोकळी होते.

रानातही संकर होतात, हे सिद्ध व्हायला वेळ लागला. फिलिपिन्समधून आलेल्या एका फॅलेनॉप्सिसबद्दल लिंडली यांना १८५३ मध्ये शंका होती की ही स्वतंत्र जात नसून दोन जातींचा नैसर्गिक संकर आहे. व्हीच यांच्या रोपवाटिकेत त्याच दोन जातींचा संकर मुद्दाम केला गेला आणि १८८६ मध्ये अगदी तसेच फूल उमलले. शंका खरी ठरली. एखादी वनस्पती संकर आहे हे दाखवण्याचा हा मार्ग त्या काळात सर्वांत भक्कम होता. आज ते काम डीएनएची तपासणी करते.

सिंगापूरचे राष्ट्रीय फूलही संकरच आहे. अग्नेस जोकिम यांच्या बागेतल्या या फुलाची नोंद १८९३ मध्ये झाली, त्याला त्यांचेच नाव मिळाले, आणि १९८१ मध्ये ते देशाचे फूल ठरले.

बियांचे कोडे

परागीकरण जमले तरी खरी अडचण पुढे होती. ऑर्किडच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या बारीक. भाताच्या दाण्यात अंकुराला पुरेल असा अन्नाचा साठा असतो, तसा ऑर्किडच्या बीमध्ये नसतोच. रानात विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरते आणि तिच्याकडून अंकुराला अन्न मिळते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे नाते ओळखले. तोपर्यंत माळी लोक बिया आईच्या कुंडीतल्या शेवाळावर शिंपडत आणि नशिबावर सोडत. लाखातून चार रोपे आली तरी आनंद.

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नडसन यांनी दाखवून दिले की साखर आणि क्षार घातलेल्या आगर या जेलीसारख्या माध्यमावर, निर्जंतुक बाटलीत, बुरशीशिवायही बिया रुजतात. त्या दिवसापासून संकर हा श्रीमंतांच्या काचघरातला छंद राहिला नाही. पुढे १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपे वाढवण्याची पद्धत मांडली. निवडलेल्या एका रोपाची लाखो रोपे करता येऊ लागली. सोनियाची दांडी मालवणच्या फूलवाल्याकडे परवडणाऱ्या भावात मिळते, त्यामागे हे दोन शोध आहेत.

नावांची शिस्त

ऑर्किडच्या कुंडीवरची पट्टी वाचता आली तर निम्मे वर्गीकरण समजते. प्रजातीच्या नावाखाली अनेक जाती येतात, उदाहरणार्थ व्हँडा ही प्रजाती आणि टेसेलाटा ही तिची जात. नैसर्गिक संकराच्या लॅटिन नावाआधी गुणाकाराचे चिन्ह येते. मुद्दाम केलेल्या संकराला वेगळे नाव असते, त्याला ‘ग्रेक्स’ म्हणतात. ठरावीक दोन पालकांची सगळी अपत्ये, मग त्यांतली आई कोणती आणि बाप कोणता याचा हिशोब न करता, एकाच ग्रेक्सच्या नावाखाली येतात. पालक स्वतः संकर असले तर भावंडे एकमेकांपासून फार वेगळी निघतात. म्हणून त्यांतल्या निवडक रोपाला आणखी एक नाव देऊन ते अवतरणचिन्हात लिहितात. ते वाण हुबेहूब हवे असेल तर बीपासून नव्हे, कोंबापासूनच वाढवावे लागते.

या नोंदी ठेवण्याचे काम आधी इंग्लंडमधील सँडर यांच्या रोपवाटिकेने केले. १९६१ पासून रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ते करते. नोंदलेल्या संकरांची संख्या एक लाखाच्या कधीच पलीकडे गेली आहे. रानातल्या ऑर्किडच्या जाती मात्र जगभरात मिळून सुमारे २८,००० आहेत. इतक्या तपशीलवार वंशावळी फार थोड्या लागवडीच्या वनस्पतींच्या उपलब्ध आहेत. कोणत्याही नोंदलेल्या संकराचे आजोबा-पणजोबा शोधत रानातल्या जातीपर्यंत जाता येते.

दोन प्रजातींचा संकर झाला की त्यांची नावे जोडतात. एरिडीस आणि व्हँडा मिळून एरिडोव्हँडा. चार किंवा अधिक प्रजाती एकत्र आल्या की जोडनाव जिभेवर ठरत नाही, म्हणून एखाद्या व्यक्तीच्या नावाला ‘आरा’ हा प्रत्यय लावतात. तीन प्रजातींच्या संकरालाही असे नाव देता येते. बाजारात केशरी-लाल दांड्यांनी मिळणारे मोकारा हे त्यातलेच. अॅरॅक्निस, अॅस्कोसेंट्रम आणि व्हँडा यांचा तो संकर, सिंगापूरच्या मोक नावाच्या संकरकाराच्या नावावरून ओळखला जाणारा.

गेल्या पंचवीस वर्षांत डीएनएच्या अभ्यासाने या मांडणीला मोठा धक्का दिला. अॅस्कोसेंट्रम ही वेगळी प्रजाती नसून व्हँडाचाच भाग आहे, असे ठरले. ब्राझीलमधल्या लेलिया कॅटलियात गेल्या. त्यामुळे अॅस्कोसेंट्रम आणि व्हँडा यांचा संकर असलेले अॅस्कोसेंडा आता नुसते व्हँडा झाले. रोपवाटिकांच्या पट्ट्यांवर मात्र जुनी नावे अजून आहेत. घेणाऱ्याने गोंधळून जाऊ नये. रोपाचे पालक लिहिलेले असतील तर नाव बदलले तरी ओळख हरवत नाही. म्हणून पालकांची नावे सांगू शकणाऱ्या विक्रेत्याकडूनच रोप घ्यावे.

रूप कसे घडते

ऑर्किडच्या फुलाला तीन बाहेरची दले आणि तीन आतली. आतल्या तिनांपैकी एक दल वेगळे वळण घेते, त्याला ओठ म्हणतात. कीटकाला उतरायला जागा तोच देतो. रंग, केस, शिंग, पोकळ सोंडेसारखी मधाची थैली, सारे त्याच्यावर. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र होऊन फुलाच्या मधोमध एकच स्तंभ तयार होतो. पराग सुटे नसतात, त्यांचे घट्ट पुंज असतात. संकर करणारा काडीच्या टोकाने हा पुंज उचलतो आणि दुसऱ्या फुलाच्या स्तंभावरच्या चिकट खळग्यात ठेवतो. सगळी कृती एवढीच.

रानातल्या दोन जातींचा थेट संकर बहुधा दोघांच्या मधला दिसतो. निळ्या व्हँडाचे, म्हणजे मेघालयाच्या खासी टेकड्यांवरच्या व्हँडा सेरुलियाचे फूल निळे, पण पाकळ्या विरळ. फिलिपिन्सच्या व्हँडा सँडेरियानाचे फूल मोठे, भरदार, चपटे. दोघांच्या संकरातून १९३१ मध्ये व्हँडा रॉथ्सचिल्डियाना आले, निळेही आणि भरदारही. आज रोपवाटिकेत दिसणाऱ्या बहुतेक निळ्या-जांभळ्या व्हँडांच्या मागे ही जोडी आहे.

पुढच्या पिढ्यांत निवडीचे वळण स्पष्ट दिसते. फूल गोल हवे, पाकळ्यांमध्ये फट नको, दांडीवर जास्त फुले हवीत, कापल्यावर दहा-पंधरा दिवस टिकली पाहिजेत. पांढऱ्या फॅलेनॉप्सिसचा आजचा भरदारपणा डोरिस या १९४० च्या संकरापासून सुरू झाला. त्याच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होती, त्यामुळे पाकळ्या जाड आणि मोठ्या झाल्या. या सगळ्या निवडीत वास मागे पडला. बाजाराने वासाची किंमत केली नाही, म्हणून तो पिढ्यागणिक हरवत गेला.

तो परत आणायची वेळ आली तेव्हा संकरकार रानातल्या जातींकडेच वळले, आणि त्यांतली एक आपल्या कोकणातली निघाली. व्हँडा मिमी पामर हा सुगंधासाठी नावाजलेला संकर. त्याचा एक पालक व्हँडा तान चे यान आणि दुसरा व्हँडा टेसेलाटा. हे टेसेलाटा आपल्याकडे आंब्याच्या खोडावर वाढते. हिरवट-तपकिरी चौकडीची फुले, निळसर-जांभळा ओठ, गोड वास. काही प्रांतांत त्याची मुळे रास्ना म्हणून औषधात वापरली जातात. व्हँडा हे प्रजातीचे नावही इथलेच. विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये ते संस्कृत ‘वंदा’वरून घेतले.

किनाऱ्याला मानवणारे संकर

मालवणच्या हवेत सगळे संकर चालत नाहीत. सिंबिडियमच्या मोठ्या फुलांच्या संकरांना हिमालयाच्या उंचीवरची गार रात्र लागते. किनाऱ्यावर ते पाने देतात, फूल देत नाहीत. फॅलेनॉप्सिस जगते, पण त्याला नवी दांडी यायला काही आठवडे रात्रीचा गारवा हवा असतो. डिसेंबर-जानेवारीत तेवढा गारवा घाटाच्या पायथ्याशी मिळतो, समुद्राकाठी जेमतेम.

सोनियाच्या घराण्यातली डेंड्रोबियम, मोकारा आणि व्हँडाचे संकर इथे घरच्यासारखे वाढतात. ऊब आणि दमट हवा दोन्ही त्यांना लागतात. अडचण पावसाची. चार महिने कोसळणाऱ्या पावसात मुळे सुकायला वेळच मिळत नाही आणि कोंब कुजतात. वर पारदर्शक आडोसा, खाली मोकळी हवा आणि निचरा होईल असे भरण लागते. कोळसा, चिऱ्याचे तुकडे आणि नारळाची सोडणे हे भरण इथे फुकटात मिळते. सोडणे मात्र आधी पाण्यात भिजवून क्षार काढून टाकावीत. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते आणि ऑर्किडला मीठ अजिबात सोसत नाही. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी उत्तम.

एक काळजी मात्र कुणी फारशी घेत नाही. संकरित रोपांतून काही विषाणू पसरतात. ते एका रोपाची दांडी कापलेल्या पात्याने दुसऱ्या रोपात जातात. प्रत्येक रोपानंतर पाते ज्योतीवर धरावे. हा रोग परसातल्या रानटी ऑर्किडपर्यंत पोचू नये, हेही त्यामागचे कारण.

आपल्या झाडांवरचे पूर्वज

या किनाऱ्याच्या ऑर्किडची दखल जुनी आहे. डच अधिकारी व्हान रीड यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला, मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात सीतेच्या वेणीसह अनेक ऑर्किड चित्रांसह आली. या कामाला मदत करणाऱ्यांत रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांची नागरी लिपीतली साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. पुढे डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१), सांतापाव आणि कपाडिया यांचे मुंबई इलाख्याच्या ऑर्किडवरचे पुस्तक (१९६६), बी. जी. कुलकर्णी यांची सिंधुदुर्गची वनस्पतिसूची (१९८८) आणि एस. एम. अल्मेडा यांची सावंतवाडीची (१९९०), असा अभ्यास चालत आला. पश्चिम घाटात सुमारे ३०० जाती, महाराष्ट्रात शंभराहून अधिक. आंबोली, चौकूळ आणि तिलारीचे रान हा या संपत्तीचा गाभा. तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

ऑर्किड पाहायला आंबोलीला जावेच लागते असे नाही. सीतेची वेणी किनाऱ्याजवळच्या जुन्या झाडांवरही वैशाख-ज्येष्ठात लोंबताना दिसते. जाड मुळांचे अकँपे, पट्ट्यासारख्या पानांचे सिंबिडियम, पाने झडल्यावर पांढरी फुले देणारे डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि त्याचे लहान चुलत भावंड ओव्हेटम यांची वस्ती अशीच झाडांवर. पावसाळ्यात कातळाच्या सड्यावर हॅबेनेरियाची पांढरी-हिरवी फुले उगवतात. कॉटोनियाचा ओठ तर हुबेहूब माशीसारखा दिसतो. संकरकाराच्या दृष्टीने यातली प्रत्येक जात म्हणजे एक गुण: इथला उन्हाळा सोसण्याची ताकद, इथला पाऊस सोसण्याची ताकद, वास, हंगाम.

यांच्यावरचे सर्वांत मोठे संकट गैरसमजाचे आहे. आंब्यावरचे खरे बांडगूळ फांदीच्या आत मुळे खुपसून रस शोषते. ते काढलेच पाहिजे, आणि बागायतदार ते काढतातही. ऑर्किडची मुळे फक्त सालीवर पसरतात. त्यांच्यावरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे आणि हवेतले पाणी टिपते. आंब्याचा एक थेंब रसही ते घेत नाही. तरी कोयत्याच्या एकाच फटक्यात दोन्ही जातात. ओळख सोपी आहे. बांडगुळाची फांदी आंब्याच्या फांदीतून फुटलेली दिसते आणि जोडावर गाठ असते. ऑर्किडची पांढरट मुळे वरवर चिकटलेली असतात.

दुसरे संकट जुन्या झाडांच्या तोडीचे. रायवळ आंबे कलमांना जागा देण्यासाठी पडले, महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे वृक्ष गेले. तिसरे, पर्यटनस्थळांवरून ओरबाडून आणलेल्या रोपांचे. रानातून उपटलेले ऑर्किड कुंडीत बहुधा जगत नाही, कारण त्याची बुरशी आणि खोडाची साल मागेच राहते. शिवाय जंगलातून वनस्पती उचलणे गुन्हा आहे, आणि ऑर्किडचा आंतरराष्ट्रीय व्यापारही ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रित आहे.

वेंगुर्ल्याचा धडा

संकर म्हणजे काय हे सिंधुदुर्गाला शिकवायची गरज नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्यापासून १९८१ मध्ये रत्ना दिला, मग रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये अगदी पातळ कोयीचा सिंधू. वेंगुर्ला-४ हा काजू मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांचा संकर. वेतोरे हे वेंगुर्ले तालुक्यातलेच गाव. गावातल्या झाडाची पारख झाली, ते टिकले, म्हणून ते एका नामांकित वाणाचे पालक झाले. ते झाड कुणी सरपणाला तोडले असते तर वेंगुर्ला-४ जन्मलाच नसता.

ऑर्किडमध्ये हेच करायला ज्ञानाची कमतरता नाही. आगरवर बी रुजवणे कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला जमण्याजोगे काम आहे. सिक्कीममध्ये पाक्योंग येथे ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून आहे. केरळात पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने रानटी जातींची प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे पुन्हा रानात लावण्याचे काम केले आहे. आपल्याकडे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, मुळदे येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे. इथल्या टेसेलाटाचा वास आणि थाई व्हँडाचे रूप, इथल्या डेंड्रोबियमची काटकता आणि सोनियाची दांडी, असे जोड मुद्दाम बांधून पाहायला हवेत. मृगापासून भाद्रपदापर्यंतचा पाऊस आडोशाशिवाय सोसणारे ऑर्किड कोकणातल्या शेतकऱ्याला कोणतीही परदेशी रोपवाटिका देणार नाही, कारण तिला त्याची गरज नाही. ते इथेच घडवावे लागेल.

या कामासाठी रानातले एकही रोप उपटावे लागत नाही. झाडावरच्या फुलातला एक परागपुंज उचलून वाळवून थंड जागी ठेवला तर पुष्कळ दिवस कामास येतो. एका बोंडातून हजारो रोपे होतात. रोप खोडावर जिथे आहे तिथेच राहते, पुढच्या वर्षी पुन्हा फुलते. आंब्याच्या मालकाने, विद्यार्थ्याने आणि संशोधकाने मिळून हे करायचे आहे. गावातल्या जुन्या झाडांवरच्या ऑर्किडची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत व्हावी. बागेची साफसफाई करणाऱ्या गड्याला बांडगूळ आणि ऑर्किड यांतला फरक दाखवावा. वादळात आपल्या आवारात पडलेल्या फांदीवरची ऑर्किड तशीच न सुकवता दुसऱ्या खडबडीत सालीच्या झाडाला काथ्याने बांधावी. शोभेसाठी हवे असेल तर रोपवाटिकेतले संकरित रोप घ्यावे, रानातले नव्हे. आणि ते संकरित रोप देवराईत किंवा जंगलात नेऊन लावू नये, कारण रानातल्या जातीची शुद्धता हीच पुढच्या संकराची ठेव आहे.

संकरित ऑर्किड आणि रानटी ऑर्किड हे एकाच घराण्याचे दोन अंक आहेत. पहिला अंक अजून आपल्या आंब्यांवर चालू आहे, आणि तो चालू राहील की नाही हे पुढच्या साफसफाईत कोयता कुठे थांबतो यावर ठरेल.